लिंबू कुठल्या वाटीखाली

मंगळवार, १४ मार्च

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. कंबर धरली आहे, तेव्हा साष्टांग कागदावरचाच गोड मानून घे. इकडे सगळे खुशाल. ही बरी आहे, तुला नमस्कार सांगते आहे. दुकानातली मोठी इस्त्री पुन्हा गळायला लागली आहे आणि ज्या शर्टावर गळते तो नेमका पांढराच असतो. तुझे गुडघे कसे आहेत? राहू दे, उत्तर देऊ नकोस. ‘उत्तम’ म्हणशील, मला माहीत आहे.

एक आधीच सांगून टाकतो. तू आमच्याकडे कायमची राहायला येणार की नाही, हे मी या पत्रात विचारणार नाही. मागच्या वेळी फोनवर विचारलं तर तुझं दूध उतू गेलं. त्याच्या आधी विचारलं तर दारावर कुणी तरी आलं. एवढी वर्दळ तर तू नोकरीत होतीस तेव्हाही तुझ्या घरी नसायची. तेव्हा तो विषय बंद. पत्राच्या मध्ये दूध उतू जात नाही, एवढाच काय तो माझा फायदा.

आता बातमी. तीन दारांच्या त्या कार्यक्रमाचं चित्रीकरण झालं. टीव्हीवर दिसायला अजून अवकाश आहे आणि तोवर निकाल कुणाला सांगायचा नाही अशी त्यांची अट आहे. पण माझं नाव मला न विचारता तिथे कळवलं कुणी? तूच. मग तुला न सांगून कसं चालेल? सगळं पहिल्यापासून लिहितो. तुला माहीत असलेलंही लिहितो. ‘हे मीच तुला शिकवलं ना रे’ म्हणून वैतागू नकोस. का लिहितो आहे ते पुढे कळेल.

आधी प्रश्नांची फेरी. चार पर्याय, बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर दोन वजा. तुझा नियम मी प्रवासभर घोकत गेलो होतो. काहीच येत नसेल तर हात मांडीवर. एक पर्याय कटला तर ना नफा ना तोटा. दोन कटले तर डोळे मिटून बटण दाब. माझ्या शेजारी एक फोटोग्राफर होता, मोठा उमदा माणूस. प्रश्न पुरा व्हायच्या आत त्याचा हात बटणावर. लोकांनी टाळ्या त्यालाच वाजवल्या. मी खेळाडूंच्या प्रश्नाला गप्प, गायकांच्या प्रश्नाला गप्प. सूत्रसंचालक मला म्हणाला, “काका, झोप तर नाही ना लागली?” सगळे हसले. फेरी संपली तेव्हा फोटोग्राफर उण्यात होता आणि झोपलेले काका पहिले. जाताना त्याने माझा एक फोटो काढला. धुतल्यासारखा चेहरा आला आहे, लॉन्ड्रीवाल्याला शोभेल असा.

मग ती दारं.

तुझ्यासाठी नव्हे, कागदासाठी लिहितो. तीन दारं. एकामागे मालवाहू गाडी, दोहोंमागे रिकामी बादली. आपण एक दार निवडायचं. ते लगेच उघडत नाहीत. गाडी कुठे आहे ते सूत्रसंचालकाला माहीत असतं. तो उरलेल्या दोनांतलं एक बादलीचं दार उघडायला लावतो आणि विचारतो, “आहे त्यावरच राहणार, की बदलणार?” तू आमच्याकडे होतीस तेव्हा रोज संध्याकाळी टीव्हीसमोर बसून ओरडायचीस, “बदल रे बाबा, बदल!” आणि माणसं छातीवर हात ठेवून आपल्या पहिल्या दारावर अडून बसायची.

मलाही ते पटत नव्हतं. दोन दारं उरली तर निम्मेनिम्मे, असंच माझं म्हणणं. मग तू मागच्या खोलीतल्या घड्यांच्या टेबलावरच्या चादरी उचलायला लावल्यास आणि तीन वाट्या पालथ्या घातल्यास. एकीखाली लिंबू. दुपारचं काम आटोपलं की तू सूत्रसंचालक आणि मी स्पर्धक. तरीही ही म्हणाली, “वन्सं, मला अजून कळलं नाही.” तेव्हा तू तिला दांडीवर लटकलेले सगळे कोट दाखवलेस. म्हणालीस, “समज, यातल्या एकाच कोटाच्या खिशात अंगठी आहे आणि ती कुठे आहे ते मला माहीत आहे. तू एक कोट धर. मी बाकीचे सगळे रिकामे कोट काढून टाकते, फक्त एक ठेवते. आता तुझ्या हातातला घेशील की मी ठेवलेला?” ही लगेच म्हणाली, “अय्या, तुम्ही ठेवलेला!” संपलं. बेचाळीस वर्षं विम्याच्या कचेरीत बसून तू जे केलंस ते हिला एका कोटात कळलं. तीन दारांत पहिली निवड तीनात एकदाच बरोबर येते, म्हणून बदललं की तीनात दोनदा गाडी आपली. मला मात्र बरेच दिवस वाट्या उचलाव्या लागल्या.

तर मी तिथे उभा. डोळ्यांवर एवढे दिवे की समोर बसलेली ही दिसेना. मी पहिलं दार निवडलं. सूत्रसंचालकाने माझ्या खांद्यावर हात ठेवला, ‘आता आपण बघू या’ असं काही तरी म्हणायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात दारं उघडणारी मुलगी वायरीत पाय अडकून धडपडली. बिचारीच्या पायात हातभर उंच टाचा. सावरायला तिने हाताला लागेल ते धरलं, ती नेमकी तिसऱ्या दाराची मूठ. दार सताड उघडलं. आत बादली.

सगळीकडे हशा. सूत्रसंचालकही हसला. म्हणाला, “चला, आमचं काम हिनंच केलं! बोला काका, बदलणार?”

माझ्या जिभेवर ‘बदलतो’ आलंच होतं. इतके दिवस तेच तर घोकलं होतं. पण ताई, तिथे, त्या दिव्यांत, मला ती दुपार आठवली. ज्या दुपारबद्दल आपण कुणीच बोलत नाही ती.

बोलतो आता. रागावलीस तरी चालेल.

त्या दुपारी मी मधली वाटी निवडली होती. तुझा हात दोन वाट्यांवर आला आणि थांबला. बराच वेळ थांबला. मग तू झटकन डावी उचललीस आणि लिंबू तिच्याच खाली होतं. हिला वाटलं तू गंमत करते आहेस, ती हसली. तू हसली नाहीस. म्हणालीस, “मला वाटलं उजवीकडे ठेवलंय.” पुन्हा मांडलं. पुन्हा तुझा हात थांबला. या वेळी उचललीस ती रिकामी निघाली. मी सवयीने म्हणालो, “बदलतो.” तर तू टेबलावर थाप मारलीस. “थांब. हे धरायचं नाही. मी आत्ता अंदाजाने उचलली. लिंबू कुठे आहे ते मला माहीत नव्हतं.”

मी म्हणालो, “पण रिकामीच निघाली ना? मग काय फरक पडतो?”

“सगळा फरक पडतो, बारक्या. मला माहीत असतं तेव्हा लिंबाची वाटी मी कधीच उचलत नाही. मी मागे ठेवलेल्या वाटीला म्हणून किंमत. न बघता उचलली आणि नशिबाने रिकामी निघाली, तर ती दुसरी नुसतीच उरलेली वाटी. तुझ्या वाटीएवढीच. निम्मेनिम्मे.”

एवढं बोललीस, वाट्या विसळून फळीवर ठेवल्यास आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने निघून गेलीस. गुडघ्याचं कारण सांगितलंस. त्यानंतर आली नाहीस.

आता परत त्या दिव्यांत ये. मी त्या मुलीला विचारलं, “बाई, गाडी कुठे आहे हे तुम्हाला माहीत होतं का?”

ती खाली बसून घोटा चोळत होती. म्हणाली, “मला कसं माहीत असणार? मला कानात सांगतात, तेव्हा मी उघडते. आत्ता कुठे कुणी सांगितलं होतं!”

मी म्हणालो, “मग परत मांडा.”

सूत्रसंचालकाला वाटलं मी घाबरलो. “अहो काका, दार तर तुमच्या फायद्याचंच उघडलं!” मागून कुणी तरी ओरडलं, “बदला की, वेळ काय काढताय!” मी आपला एकच धोशा लावला, परत मांडा. शेवटी कार्यक्रमाची मुख्य बाई आली, कानाला यंत्र लावलेली, घाईतली. तिचाही प्रश्न तोच, “पण दार रिकामंच निघालं ना? तुम्हाला काय फरक पडतो?”

सगळा फरक पडतो, मी म्हणालो. माहीत असलेल्या माणसाने दार उघडलं तर बदलून माझे तीनातले दोन. अपघाताने उघडलं तर निम्मेनिम्मे. ही माझ्या ताईची शिकवण आहे, हेही सांगितलं. आणि कोटांची गोष्ट सांगितली. सगळे दिवे लागलेले, माणसं खोळंबलेली, आणि मी कोट टांगत होतो. ती बाई आधी वैतागून ऐकत होती. मग तिचा चेहरा बदलला. म्हणाली, “तिच्या हाताला गाडीचं दार लागलं असतं तर आम्ही परत मांडलंच असतं. मग आता का नको? काकांचं बरोबर आहे. मांडा परत.”

मला पाठ फिरवून उभं केलं. आतून खडखड आवाज आले. मग मी दुसरं दार निवडलं. सूत्रसंचालकाने या वेळी नीट बघून पहिलं उघडायला लावलं. बादली. “बोला.”

खरं सांगू? मला बादलीच दिसत होती. तीनातले दोन म्हणजे तीनातला एक शिल्लक राहतोच. हॉस्पिटलच्या चादरी मी स्कूटरवर बांधून आणत होतो, जुन्या गाडीने मान टाकल्यापासून. तेही काम किती दिवस टिकलं असतं कुणास ठाऊक. पण तुझा आवाज कानात होता. निकाल आपल्या हातात नाही, डोकं ताळ्यावर ठेवणं आपल्या हातात आहे.

“बदलतो,” मी म्हणालो.

पांढरी आहे, ताई. मागे एवढी जागा की हॉस्पिटलच्या चादरी एका फेरीत येतात. मी रडलो की नाही ते कार्यक्रमात दिसेलच. ही म्हणते, चांगलं ठळक दिसेल.

मी निकाल सांगत नाही, पण दारात गाडी दिसल्यावर लोक ओळखतातच आणि मला शहाणा म्हणताहेत. मीही मान हलवून घेतो, दुकानाला बरं असतं. पण मला माहीत आहे ही गाडी कुणामुळे आली. सहावीत मी गणितात नापास झालो तेव्हा तू रागावली नाहीस. कचेरीतून आल्याआल्या, चपलाही न काढता, माझ्या शेजारी जमिनीवर बसलीस आणि म्हणालीस, “कुठे अडलं ते दाखव.” आई गेल्यानंतरचं ते पहिलंच वर्ष. कुणी तरी शेजारी बसून विचारणारं आहे, एवढ्यावर मी मोठा झालो. त्याचे आभार कधी मानले नाहीत. घरात कोण कुणाचे आभार मानतं? आज मानतो.

आणि अजून एका गोष्टीचे मानतो, ते नीट वाच. नुसतं ‘बदल’ एवढंच शिकून मी गेलो असतो तर त्या मुलीच्या धडपडण्यावर बदलून बसलो असतो आणि निम्म्यावर समाधान मानलं असतं. ‘परत मांडा’ म्हणायला मी शिकलो ते त्या दुपारी. तू विसरलीस म्हणून शिकलो. त्याहून मोठं म्हणजे, विसरलीस आणि लपवलं नाहीस. वाटी रिकामी निघाली होती, तू गप्प बसली असतीस तर आम्हाला पत्ताही लागला नसता. पण माझं गणित चुकू नये म्हणून तू टेबलावर थाप मारून सांगितलंस की मला माहीत नव्हतं. ज्या दुपारची तुला एवढी लाज वाटते की तू आमच्या दारात पाय ठेवत नाहीस, त्या दुपारने आपल्याला गाडी दिली आहे. मी त्या दुपारचा ऋणी आहे.

तुझ्या विसरण्याबद्दल डॉक्टर काय म्हणाले ते मला कळलं आहे. तू हिला सांगितलंस आणि ‘बारक्याला कळू देऊ नको’ म्हणालीस. ही तुझी भावजय आहे, तिजोरी नव्हे. पण तिने मला लगेच सांगितलं नव्हतं, हेही खरं. चार दिवसांनी तू तिला परत फोन केलास आणि तेच सगळं पहिल्यांदाच सांगावं तसं सांगितलंस, ‘कळू देऊ नको’सकट. तेव्हा ती माझ्यापाशी येऊन रडली.

म्हणून हे पत्र. फोनवरचं बोलणं तुझ्याकडून निसटतं, आणि त्यात तुझा काही दोष नाही. पत्र निसटत नाही. हवं तेव्हा पुन्हा वाच.

विचारणार नाही म्हणालो होतो, विचारत नाहीच. सांगतो. एकटीने राहायचं हे दार तू निवडलंस तेव्हा तुझं सगळं ठणठणीत होतं. आता डॉक्टरांनी, म्हणजे माहीत असलेल्या माणसाने, एक दार उघडून दाखवलं आहे. आता पहिल्या दारावर अडून बसायचं? टीव्हीवर असं कुणी केलं असतं तर तू काय ओरडली असतीस?

दोन एप्रिलला, रविवारी, गाडी घेऊन येतो. पुढची सीट तुझी आहे, ही मागे कापडांवर बसायला तयार आहे. मागच्या खोलीतला कपड्यांचा ढीग हलवून तिथे खाट टाकली आहे, खिडकीपाशी. वाट्या घड्यांच्या टेबलावर मांडून ठेवल्या आहेत. लिंबू कुठल्या वाटीखाली आहे ते तुला आठवलं नाही तरी चालेल. मला माहीत आहे. आपल्या दोघांत एकाला माहीत असलं म्हणजे झालं. इतकी वर्षं ते एकटं माणूस तू होतीस.

तुझा कायमचा स्पर्धक,
बारक्या

* * *

शुक्रवार, २४ मार्च, सकाळ

चि. बारक्यास,

अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. अक्षर अजून तसंच आहे, कोंबडीचे पाय.

तुझं एक गणित चुकलं आहे, ते आधी सांगते, नाही तर मला चैन पडायचं नाही. डॉक्टरांचं उदाहरण सपशेल चूक. त्यांनी कुठलं दार उघडलं नाही. पुढे काय होणार ते त्यांनाही दिसत नाही, त्यांनी अंदाज सांगितला. अंदाजाने उचललेल्या वाटीवरून बदलून काही फायदा नसतो, हे तूच पानभर लिहिलंस आणि तूच खाली विसरलास. म्हणजे विसरण्यात मी एकटी नाही.

आणि फुशारकी मारू नकोस. तीनातला एक तुझ्या वाट्याला आला असता तर आज बादली घेऊन बसला असतास. तरीही परत मांडायला लावलंस ते फार बरं केलंस. माझं शिकवणं कधी कुणी असं चारचौघांत पहिल्या नंबरात आणलं नव्हतं.

शेवटी जे लिहिलंस, दोघांत एकाला माहीत असलं म्हणजे झालं, त्यात चूक शोधते आहे. अजून सापडली नाही. पुन्हा पुन्हा तपासलं. बरोबर आहे बहुतेक.

मला भीती वाटते रे. हे तुला कधी सांगितलं नाही. वाटीवर हात थांबतो ना, तेव्हा खाली नुसतं रिकामं असतं. लिंबू नाही, वाटी नाही, काही नाही. तुमच्यासमोर ते होऊ नये म्हणून पळाले. पण एकटी असताना ते होतं तेव्हा जास्त वाईट असतं. कुणी हसायलाही नसतं.

त्या रविवारी ये. एक किल्ली समोरच्या शिंपीणबाईंकडे आहे. मी तारीख विसरले आणि दार उघडायला उशीर केला, तर तू उघड. आत कोण आहे ते तुला माहीत आहे.

पत्र चहाच्या डब्याला टेकवून ठेवलं आहे. सकाळी चहा करायला गेले की दिसतं आणि मी वाचते. शिंपीणबाई म्हणतात मी रोज वाचते. मला प्रत्येक वेळी पहिल्यांदाच वाचल्यासारखं वाटतं. ती मुलगी धडपडते, तू हटून बसतोस, माझा जीव टांगणीला लागतो, कप खाली ठेवावा लागतो. आणि मग गाडी. रोज सकाळी तू गाडी जिंकतोस, बारक्या. असं सुख किती जणांना मिळतं? माझ्या भावजयीला सांग, मागे बसू नकोस, पुढे तिघं मावू.

बदलते.

तुझी,
ताई